कापडी पिशवीतला नमुना

गिरणीचे कार्यालय,
४ मे

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. या हंगामात पामचा गर तुझ्या गोदामात साठवण्यास गिरणीने मान्यता दिली आहे. त्याचे अधिकृत पत्र तुला वेगळे मिळेल. हे पत्र घरगुती आहे; तरी मजकूर कामाचाच आहे, कारण या हंगामात तुझे घर कामावरच अवलंबून आहे. तुझ्या दिरांची अट मी अशी समजतो: हंगामाअखेर गिरणीने सर्व माल स्वीकारला, तर गोदाम तुझ्याकडे राहील, न स्वीकारल्यास ते आपल्या फरशांच्या धंद्यासाठी ताब्यात घेतील. यात काही चुकत असल्यास कळवावे.

आता मालाविषयी. पामची बी फोडल्यावर आत जो टणक गर निघतो, त्यात जवळजवळ निम्मे तेल असते. तो निर्जीव दिसला तरी हवेशी त्याची देवघेव थांबत नाही. हवा दमट असेल तर तो तिच्यातले पाणी ओढतो, कोरडी असेल तर आपले पाणी सोडतो. आणि दोघांचा समतोल साधेपर्यंत हे चालूच राहते. गरात शेकडा सात भागांपर्यंत पाणी आम्हांला चालते. त्यापुढे बुरशी धरते, तेल खवट होते आणि माल फाटकावरून परत जातो.

म्हणून दर महिन्याला थप्पीच्या पोटातल्या पोत्यात नळी खुपसून मूठभर नमुना काढावा आणि टपालाने माझ्याकडे पाठवावा. तो येथील प्रयोगशाळेत तपासला जाईल. नमुना कापडी पिशवीत असावा. प्लास्टिकमध्ये त्याला घाम येतो आणि तपासणीत नसते दोष दिसतात. निकाल मी लेखी कळवीन. फोनवर सांगितलेल्या आकड्याला आधार राहत नाही.

आपल्याकडील मागची खोली रिकामी आहे. तुझ्या वहिनीने तिला रंग लावून घेतला. ही माहिती आहे, आग्रह नाही.

तुझा,
दादा


गोदाम,
१३ मे

ती. दादा,

नमस्कार. तुझ्यासारख्या माणसाने ‘अनेक आशीर्वाद’ असं मोघम लिहावं याचं नवल वाटलं. नक्की किती ते कळवलंस तर जमेला धरता येतील.

अट तुला बरोबर कळली आहे. भाऊजींच्या तोंडून ती एवढी नीटनेटकी आली नव्हती, इतकंच. दारात उभे राहून, चपला न काढता म्हणाले, “वहिनी, एक हंगाम. अण्णा होता तोवर गोष्ट वेगळी होती.” मी म्हटलं, “एक तर एक.” मग चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाले आणि गेले.

माल उतरला. मुकादमाने पोती फळ्यांवर रचली, भिंतीपासून हातभर लांब. तीन खण आहेत, तिन्ही भरले. हे होते तेव्हा रोज सकाळी समुद्राकडची दारं उघडून ठेवायचे. मालाला वारा लागू दे, म्हणायचे. मीही तेच चालू ठेवलंय. सकाळी दार उघडलं की आतला अंधार हळूहळू मागे सरकतो आणि मग मला वाटतं, आपण कामावर आलो.

खोलीबद्दल वहिनींना सांग की रंग वाया घालवू नका, काहीतरी ठेवा तिथे. मी पाहुणी म्हणून आठवडाभर फार चांगली असते. नंतर मी डब्यांच्या जागा बदलायला लागते. वहिनी बोलणार नाहीत, पण भांडी आपटतील. या वयात कुणाच्या घरात कोपरा धरून बसायचं नाही, एवढं मी ठरवलंय. म्हणून हा हंगाम.

पहिला नमुना सोबत आहे. पिशवी उशीच्या जुन्या अभ्र्याची आहे, हसू नकोस.

तुझी,
धाकटी


गिरणीचे कार्यालय,
२६ मे

चि. धाकटीस,

आशीर्वाद. संख्या कळवण्याचे टाळतो; ती तपासण्याचे साधन उपलब्ध नाही.

नमुना मिळाला. गरातील पाणी शेकडा ६.२ भरले. हा निकाल समाधानकारक आहे. पिशवीवर गुलाबी फुले होती. नोंदीत मी ‘कापडी पिशवी’ एवढेच लिहिले.

टपालाला आठवडा लागला, आणि प्रयोगशाळेतील ओव्हन दुरुस्तीला गेल्यामुळे पिशवी त्यानंतरही काही दिवस माझ्या टेबलावर होती. याबद्दल दिलगीर आहे. येथील हवा सध्या इतकी कोरडी आहे की टेबलाच्या खणांचे सांधे उघडले आहेत आणि पाकिटाचा डिंक आपोआप सुटतो. तुझी पत्रे मला अर्धी उघडलेलीच मिळतात.

पुढचा नमुना दुसऱ्या खणातून काढावा. प्रत्येक वेळी तोच खण तपासणे शिस्तीला धरून नाही.

तुझी वहिनी खुशाली विचारते.

दादा


गोदाम,
१५ जून

ती. दादा,

६.२ वाचून मी मुकादमाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, “म्हणजे पास?” मी म्हटलं, “पास.” त्याने आकड्याकडे असं पाहिलं, जसं काही नातवंडाचं प्रगतिपुस्तक आहे.

इथे दमट महिने सुरू झाले. तुला कल्पना येणार नाही. मीठ बरणीतून चमच्याने खणून काढावं लागतं. काडेपेटीतल्या चार काड्या मोडल्यावर पाचवी पेटते. कपाटाचं दार फुगलंय. काल ते उघडताना मूठ हातात आली आणि दार तिथेच राहिलं. अंथरूण रोज संध्याकाळी कुणीतरी नुकतंच धुतल्यासारखं लागतं.

यात भाऊजी परवा आले. गोदामाच्या दारात थांबून नाक वर केलं.

“वहिनी, वास येतोय.”

“कसला?”

“मालाचा. आंबल्यासारखा.”

“भाऊजी, तुमच्या फरशांना वास नसतो म्हणून तुम्हांला सवय नाही. मालाला मालाचा वास येणारच.”

“मी लहानपणापासून याच गोदामात खेळलोय,” म्हणाले.

“मग तेव्हाचा असेल,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. मुकादमही हसला नाही, पण तो समोर कुणी असलं की हसत नाहीच. मला राग आला. या माणसाला जागा हवी आहे, सरळ मागायचं सोडून वास काढत बसलाय. दुसऱ्यांदा तुझा आकडा चांगला आला की तोंडावर मारीन म्हणते.

नमुना सोबत. मधल्या खणातला, तू सांगितलंस तसा.

धाकटी


गिरणीचे कार्यालय,
२७ जून

चि. धाकटीस,

आशीर्वाद. दुसरा नमुना शेकडा ६.३. फरक नगण्य आहे.

मिठाविषयी, काडेपेटीविषयी व कपाटाविषयी लिहिलेस ते वाचले. तुझी निरीक्षणे मनोरंजक आहेत. परंतु ती या पत्रव्यवहाराच्या कक्षेत येत नाहीत.

दिरांच्या आक्षेपाबाबत माझे मत असे: वास मोजता येत नाही. ज्याला गोदाम रिकामे हवे आहे, त्याच्या नाकाला पुरावा मानण्याचे कारण नाही. सोबत दोन्ही निकालांची शिक्क्यानिशी प्रत जोडली आहे. ती त्यांना शांतपणे दाखवावी. वाद घालू नये. आकडा समोर ठेवून गप्प बसणे हे सर्वांत उत्तम.

दारे रोज उघडतेस हे योग्य. हवा खेळती असावी.

दादा


गोदाम,
९ जुलै

ती. दादा,

कागद दाखवला. तू सांगितलंस तसा, शांतपणे. भाऊजींनी चष्मा लावून दोनदा वाचला, शिक्क्यावरून बोट फिरवलं.

“गिरणी म्हणते माल चांगला?”

“गिरणी म्हणते.”

“मग माझं नाक खोटं.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“कागद म्हणतोय,” म्हणाले, आणि घडी घालून माझ्या हातात दिला. गेले. त्यानंतर फिरकले नाहीत. जिंकल्यावर बरं वाटायला हवं होतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही एवढं खरं.

थोडी घाई आहे. पोस्टात नवे पोस्टमास्तर आलेत. त्यांनी पिशवी घ्यायला नकार दिला. मागच्या वेळी शिवण उसवून टपालाच्या थैलीत गर सांडला होता म्हणे, आणि त्यामागे उंदीर. “बाई, मी पत्रं पोचवतो, उंदीर पाळत नाही,” म्हणाले. म्हणून या वेळचा नमुना फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत आहे. पॅकिंगला जुन्या चादरीचे तुकडे वापरलेत. बरणी परत पाठवली नाहीस तरी चालेल, पण झाकण चांगलं आहे.

धाकटी


गिरणीचे कार्यालय,
१९ जुलै

चि. धाकटीस,

तिसरा नमुना शेकडा ९.६ आला. तपासणी मी समोर उभा राहून दुसऱ्यांदा करवून घेतली. ९.६.

खालील गोष्टींचा खुलासा उलट टपाली करावा. नमुना थप्पीच्या पोटातून काढला होता की दाराजवळच्या पोत्यातून? काढणारा कोण होता? बरणी वापरण्यापूर्वी पूर्ण कोरडी केली होती का? चोवीस दिवसांत तीन टक्क्यांहून अधिक पाणी मालात शिरणे शक्य नाही. त्यामुळे चूक नमुना काढण्यातच झाली असली पाहिजे. तू घाईत होतीस, असे तूच लिहिले आहेस. माल उचलायला ट्रक पुढच्या महिन्यात येतो आहे. हंगामाच्या या टप्प्यावर निष्काळजीपणा परवडणारा नाही.

दादा


गोदाम,
२३ जुलै

दादा,

तिसऱ्या खणातली थप्पी, खालून चौथा थर. नळी मी स्वतः खुपसली. बरणी आधी उन्हात, नंतर शेगडीवर धरून कोरडी केली होती; हाताला चटका बसला, तो अजून आहे.

निष्काळजीपणा म्हणजे काय ते तू इथे येऊन सांग. हे जाऊन वर्ष व्हायचंय. त्या वेळीही तू तार केलीस, फुलं पाठवलीस आणि हिशेबाच्या वर्षअखेरीमुळे येणं जमत नाही असं लिहिलंस. मी काही बोलले नाही. आता बोलते आहे असं समजू नकोस. खुलासा विचारलास, तो दिला.

धाकटी


गिरणीचे कार्यालय,
१ ऑगस्ट

चि. धाकटीस,

हे पत्र गिरणीच्या माणसाबरोबर पाठवीत आहे, म्हणजे ते लवकर मिळेल. फोन दोनदा केला. तू गोदामात होतीस, आणि निरोप ठेवण्यासारखा हा मजकूर नव्हता.

तुझ्या खुलाशात दोष काढता आला नाही. त्याची वाट पाहताना बरणीत उरलेल्या गराचे मी दोन भाग केले होते. एक बरणीतच झाकण लावून ठेवला. दुसरा तुझ्या फुलांच्या पिशवीत घालून माझ्या टेबलावर ठेवला, जेथे आधीचे दोन नमुने होते. काल दोन्ही तपासले. बरणीतला ९.५. पिशवीतला ६.४.

याचा अर्थ स्पष्ट आहे. ६.२ आणि ६.३ हे तुझ्या मालाचे आकडे नव्हते. ते टपालाच्या प्रवासाचे आणि माझ्या खोलीतील हवेचे आकडे होते. कोणताही नमुना कापडी पिशवीत घालून या कोरड्या प्रदेशात आठवडाभर ठेवला असता, तर तेवढाच भरला असता. गर हवेशी समतोल साधतो, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिले. तो टपालाच्या थैलीतही तेच करील, हे माझ्या ध्यानात आले नाही. कापडी पिशवीचा आग्रह माझा होता. दारे उघडी ठेवण्यास संमती माझी होती. दमट महिन्यांत तुझ्याकडील सकाळची हवा गोदामातील हवेहून ओली असते. दार उघडणे म्हणजे रोज मालाला पाणी पाजणे.

‘निष्काळजी’ हा शब्द मी परत घेतो.

आता करावयाचे: समुद्राकडची दारे बंद. प्रत्येक खणातून पोती उतरवून गर कापून पाहावा. आतून पांढरा असेल तर माल वाचेल. पिवळा वा तपकिरी असेल, हाताला गरम लागत असेल, तर नाही. जे दिसेल ते जसेच्या तसे कळवावे.

दादा


गोदाम,
५ ऑगस्ट

ती. दादा,

जसंच्या तसं कळवते.

समुद्राकडचे दोन खण गेले. पोत्यात हात घातला तर आत ऊब. गर कापला की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा रंग. खालच्या थरांना हिरवट लव. मुकादमाने तोंडाला रुमाल बांधला. मग मीच म्हटलं, “तुम्हांला वास येत होता का?” तर म्हणाला, “तुम्ही पास म्हणालात, मालकीणबाई.”

आतल्या बाजूचा तिसरा खण बराच बरा आहे. तिथला ओटा उंच आहे. काही पोती पिवळी, बाकी पांढरी. बरणीतला नमुना त्याच खणातला होता. म्हणजे सगळ्यात चांगल्या खणाचा आकडा ९.६. बाकीच्यांचा विचारू नकोस.

आता मी जे लिहिणार आहे ते वाचून लगेच रागावू नकोस. तुझं पत्र मी बऱ्याचदा वाचलं. पिशवीत ठेवलेला गर तुझ्या टेबलावर ६.४ झाला. मग ट्रकमधला का होणार नाही? ट्रक येईल, माल भरला जाईल. तो तुमच्या आवारात पोती सैल करून काही दिवस उभा राहिला, कागद पूर्ण व्हायचे आहेत, इंजिन बिघडलंय, काहीही, तर तुमची हवा आपलं काम करील. फाटकावर तुम्ही फक्त पाणी मोजता, असं तूच मागे म्हणाला होतास. माल आत गेला की हंगाम पार पडला. भाऊजी शब्दाचे पक्के आहेत. माल घेतला म्हटल्यावर परत विषय काढणार नाहीत.

पिशवीत वाळलेल्या नमुन्यांवर तू दोनदा सही केली आहेस, तेव्हा माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा माहीत असून कर, एवढंच मागते आहे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

यावर फोन करू नकोस. फोनवर तू लगेच नाही म्हणशील. लिही. लिहिताना तू दोनदा विचार करतोस.

धाकटी


गिरणीचे कार्यालय,
११ ऑगस्ट

चि. धाकटीस,

तुझे पत्र काल दुपारी मिळाले. तुझा तर्क तंतोतंत बरोबर आहे. माल येथे वाळला असता आणि फाटकावर पास झाला असता. येथील हवा त्यातले पाणी काढू शकते. बुरशी काढू शकत नाही, आणि तेलाला आलेला खवटपणा मागे नेऊ शकत नाही. परंतु ते फाटकावर मोजले जात नाही, हेही तू बरोबर सांगितलेस.

पत्र वाचून मी प्रथम साहेबांकडे गेलो. उत्तर नंतर लिहायचे ठरवले, कारण क्रम उलट झाला असता तर मी काय लिहिले असते याची मला खात्री नव्हती. त्यांना मी सांगितले की तुझ्या गोदामाचे दोन्ही निकाल रद्द धरावेत.

“तुमच्याच सहीचे?” त्यांनी विचारले.

“हो.”

“आणि गोदाम तुमच्या बहिणीचं.”

“हो.”

“तिचं काय होणार?”

“ते अहवालात येत नाही,” असे मी म्हणालो. नंतर जागेवर येऊन बसलो.

परिणाम असे. तुझे गोदाम या वर्षी गिरणीच्या यादीतून निघेल. नमुन्यांच्या निकालांवर यापुढे माझ्या सहीबरोबर आणखी एक सही लागेल. यापुढे सर्व गोदामांचे नमुने हवाबंद बाटलीत मागवले जातील.

तू माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलेस, हे मला ठाऊक आहे. ते द्यायचे नाही असे मी ठरवले, आणि ठरवताना मला त्रास झाला नाही असे लिहिणे खोटे ठरेल. ट्रक येईल तेव्हा माल भरू नये. रिकाम्या फेरीच्या खर्चाची व्यवस्था मी केली आहे.

दादा


गोदाम,
११ ऑगस्ट

ती. दादा,

मागच्या पत्रातलं मागणं सोडून दे. तुझं उत्तर वाटेत असेल. काय असेल ते असो, माझ्यासाठी त्याची गरज उरलेली नाही.

ट्रक ठरल्यापेक्षा आधीच आला. आज सकाळी ड्रायव्हरने तो पाठीमागून दाराला लावला, हमाल पाठीवर पोतं टाकून तयार. मी दारात उभी. तोवर माझा भरायचाच विचार होता, हे लिहून ठेवते.

ड्रायव्हर म्हणाला, “ताई, बाजूला व्हा, लागेल.”

मी म्हटलं, “नाही भरायचा.”

“काय?”

“ट्रक रिकामा ने.”

“रिकामा नेला तर साहेब मला काय म्हणतील?”

“जे माझा भाऊ म्हणेल तेच म्हणतील.”

तो म्हणाला, “ते तर काहीच म्हणत नाहीत, नुसते बघतात.” मला हसू आलं. हमालांनाही आलं. मुकादमाने पाठीवरची पोती खाली ठेवायला लावली.

मोठेपणा म्हणून केलं असं समजू नकोस. उभ्या उभ्या एक गोष्ट लक्षात आली. तू हो म्हणाला असतास, तर पुढे तुझ्या कुठल्याही आकड्यावर माझा विश्वास बसला नसता. ६.२ चुकला तरी तो तू मोजलेला होता. चुकलेला आकडा आणि बनवलेला आकडा यांत फरक आहे. तेवढा फरक राहू दे.

आता भाऊजींकडे जायचं आहे. मी स्वतःच जाऊन सांगणार आहे.

धाकटी


गोदाम,
६ सप्टेंबर

ती. दादा,

तुझं ११ तारखेचं पत्र मिळालं, माझंही तुला मिळालं असेल. वाटेत दोघांची गाठ पडली असणार. ‘त्रास झाला नाही असे लिहिणे खोटे ठरेल’, हे वाक्य वहिनींना दाखव, त्या चौकटीत लावतील.

इकडचं सांगते. भाऊजींच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, म्हणून बाकावर बसले. ते गेल्यावर म्हटलं, “भाऊजी, वास येत होता.”

ते काउंटर पुसत राहिले. मग म्हणाले, “मला आनंद नाही झाला, वहिनी.”

“माहीत आहे.”

“मग तेव्हा कागद कशाला दाखवलात?”

“मला कागदच खरा हवा होता.”

त्यावर त्यांनी मान हलवली. मी घाबरत होते की आता ते समजूत घालतील. ते त्यांना जमत नाही, हे बरंय. दुसऱ्या दिवशी दोन माणसं घेऊन आले, बाह्या सरसावून. आठवडाभर आम्ही पोती फोडून गर निवडला. बुरशी धरलेला इथल्या साबणवाल्याने नेला. पांढरा निघालेला पत्र्यावर पसरून दुपारच्या उन्हात वाळवला, ऊन उतरायच्या आत पुन्हा झाकला. भाऊजी पाठ धरून बसले तेव्हा मी म्हटलं, “फरशा उचलणाऱ्याने पोत्याला घाबरू नये.” ते म्हणाले, “फरशी नुसती जड असते, वहिनी. तिची मनधरणी करावी लागत नाही.”

अट अटीच्या जागी आहे. मी ती पुरी केली नाही, त्यांनी सोडलीही नाही. समुद्राकडचे दोन खण त्यांनी घेतले. फरशांना दमट काय, कोरडं काय. तिसरा, आतला, माझ्याकडे ठेवला. उपकार म्हणून नाही, म्हणाले, “तिथवर फरशांचा टेम्पो जात नाही.” जातो, मी मोजलंय. पण मीही बोलले नाही. दोन खणांत मला आता ये-जा करायची तर त्यांना विचारावं लागतं, आणि सकाळी तिकडची दारं त्यांच्या माणसांच्या आवाजाने उघडतात. त्याची सवय व्हायला वेळ लागेल. मधल्या भागात मी विटांची भिंत घालून घेतली, त्यांची हवा माझ्याकडे यायला नको.

एका खणात गिरणीचं काम होणार नाही, आणि गिरणी देणारही नाही. इथल्या एका लहान तेलघाण्याच्या मालकाने त्याचा गर माझ्याकडे ठेवायचं कबूल केलंय, पुढच्या दमट महिन्यांपर्यंत. तेवढ्यात जमलं तर जमलं. नाहीतर तुझ्या मागच्या खोलीचा रंग कसा आहे ते पाहायला येईन. पण आत्ता नाही.

औषधाच्या दुकानातला जुना तराजू आणि एक लहान ओव्हन घेतलाय. गराचं वजन करायचं, तो वाळवायचा, वजन उतरायचं थांबलं की किती घटलं ते मांडायचं. तुमच्या प्रयोगशाळेत जे करतात तेच. मुकादम वजन वाचतो, मी लिहिते, मग मी वाचते आणि तो डोकावतो. आमच्या आकड्यावरही दोन सह्या असतात. आजचा ६.८ आला. तो इथे काढला, इथेच मोजला.

यापुढे नमुना पाठवणार नाही, आकडा पाठवीन. पटला नाही, तर येऊन बघ.

तुझी,
धाकटी